‘चेक’ आणि ‘शह’: एकाच शब्दाच्या दोन वाटा

स्थळप्रत (धागाकर्ता)

एका सहकारी बँकेत चेक वटवण्याच्या टेबलावर माझी सव्वीस वर्षे गेली. सकाळी आलेला चेकचा गठ्ठा सोडायचा, प्रत्येकावरची तारीख पाहायची, अंकी आणि अक्षरी रक्कम जुळते का ते पाहायचे, खाडाखोड असेल तर तिच्याजवळ खातेदाराची पूर्ण सही आहे का ते बघायचे आणि शेवटी खालची सही नमुना कार्डावरच्या सहीशी ताडायची, असा रोजचा क्रम होता. ‘चेक चेक करून ठेव’ हे वाक्य आम्ही एकमेकांना दिवसातून कितीदा म्हणत असू याची गणती नाही, पण त्यातले दोन ‘चेक’ एकाच शब्दाची दोन रूपे आहेत का, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

गेल्या दिवाळीत नात माझ्याबरोबर बुद्धिबळ खेळायला बसली. वजीर तिरपा सरकवून ती म्हणाली, “आजोबा, चेक.” मी सवयीने म्हणालो, “शह म्हणावे.” तेव्हा तिने विचारले की हा चेक आणि तुमच्या बँकेतला चेक एकच का. मी ठामपणे सांगितले, “नाही, ते दोन वेगळे शब्द आहेत.” नंतर कोश उघडून बसलो तेव्हा माझे उत्तर साफ चुकीचे होते हे कळले. पटावरचा चेक, तपासणीचा चेक, शर्टाच्या कापडावरचे चेक आणि बँकेतला चेक हे सारे मुळात एकच आहेत; इतकेच नव्हे, तर मी ज्या ‘शह’ शब्दाचा आग्रह धरला होता, तोही तोच शब्द आहे. ही कथा नीट मांडावी म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात आपल्याकडेच होते. चतुरंग हा खेळ भारतातून इराणात गेला आणि तेथे त्याचे नाव चत्रंग झाले. पुढे अरबांनी इराण जिंकल्यावर त्याचे शत्रंज झाले. आपला राजा तेथे साहजिकच ‘शाह’ झाला. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा आला की त्याला सावध करण्यासाठी ‘शाह’ असे म्हणण्याचा रिवाज होता. अरबांबरोबर हा खेळ युरोपात गेला, ‘शाह’चे लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाले आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत ते ‘चेक’ या रूपात अवतरले. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून खेळाचे ‘चेस’ हे नाव पडले, म्हणजे ‘चेस’चा शब्दशः अर्थ ‘राजे’ असाच होतो. जो शब्द इराणात सिंहासनावर बसलेल्या माणसाला लावत, तो इंग्लंडात पोहोचेपर्यंत केवळ एक इशारा उरला होता, आणि तो मूळचा ‘राजा’ आहे याची इंग्रजांना जाणीवही राहिली नव्हती.

येथून या शब्दाच्या दोन वाटा फुटतात.

पहिली वाट राजाच्या अडचणीची. शह बसला की खेळणाऱ्याला मनात योजलेली चाल बाजूला ठेवावी लागते आणि आधी राजा वाचवावा लागतो. त्यावरून ‘चेक’ला अचानक थांबवणे, अडवणे, आवर घालणे असे अर्थ आले. पुराच्या पाण्याला किंवा रागाला ‘चेक’मध्ये ठेवणे हा इंग्रजी प्रयोग तेथला. आवर घालायचा तर लक्ष ठेवावे लागते आणि लक्ष ठेवायचे तर पडताळून पाहावे लागते, या क्रमाने सतराव्या शतकापर्यंत ‘तपासणे’ हा अर्थ रूढ झाला. आज मराठीत आपण हा शब्द वापरतो तो बहुतेक याच शेवटच्या अर्थाने. गॅस बंद आहे का ते चेक कर, मेसेज चेक केला का, तिकीट चेकर आला, चेकनाक्यावर गाडी अडवली. यांतल्या चेकनाक्यावर मात्र अडवणे आणि तपासणे हे दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदत आहेत.

दुसरी वाट पटाची. एशेक खेळण्याचा पट चौकटींचा, म्हणून चौकटींच्या कोणत्याही नक्षीला ‘चेकर’ म्हणू लागले आणि त्याचे आखूड रूप ‘चेक’ झाले. या वाटेवर इंग्लंडच्या राजाचा खजिना लागतो. बाराव्या शतकात त्या खजिन्याचा हिशेब ज्या टेबलावर होत असे, त्यावर रेघांचे कापड अंथरलेले असे. तेथील खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनी ११७० च्या दशकात या कचेरीच्या कामकाजाची माहिती लॅटिनमध्ये संवादरूपाने लिहून ठेवली आहे. त्यानुसार टेबल सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद असे, त्यावरच्या वस्तू खाली पडू नयेत म्हणून कडेला चार बोटे उंचीची पट्टी असे, आणि वर काळे कापड असून त्यावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा असत. प्रत्येक उभा रकाना एकेका स्थानाचा: पेन्स, शिलिंग, पौंड, विसा, शेकडा, हजार. त्या रकान्यांत सोंगट्या मांडून आणि उचलून बेरीज-वजाबाकी चाले. १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड, त्यात लिखाण रोमन आकड्यांत, ज्यांत शून्य नाही. अशा वेळी कागदावर हिशेब करणे किती जिकिरीचे झाले असते, हे १९५७ पूर्वी ज्यांनी १२ पै आणि १६ आण्यांच्या बेरजा केल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडे निदान दशमान आकडे तरी होते.

पटासारख्या दिसणाऱ्या या टेबलावरून त्या कचेरीचेच नाव ‘एक्स्चेकर’ पडले. फिट्झनील यांनी स्वतःच म्हटले आहे की पटावर जशी दोन राजांची लढाई होते, तशी येथे खजिनदार आणि वसुली आणून देणारा शेरिफ यांच्यात होते. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात, त्या पदनामात हे कापड अजून आहे.

आणि आता बँकेतला चेक. येथे दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येतात. अठराव्या शतकाच्या आरंभी एक्स्चेकरच्या रोख्यांना जी स्थळप्रत जोडलेली असे, तिला ‘चेक’ म्हणत, कारण खोटा रोखा कोणी आणला तर तो तिच्याशी ताडून पकडता येई. म्हणजे इंग्रजीत प्रथम ‘चेक’ म्हटले गेले ते पैसे घेणाऱ्याच्या हाती जाणाऱ्या कागदाला नव्हे, तर आपल्यापाशी राहणाऱ्या अर्ध्या पट्टीला. पुढे अशी पट्टी असलेल्या कागदाला आणि नंतर बँकेवर काढलेल्या कोणत्याही आदेशाला तेच नाव मिळाले. हे वाचले तेव्हा मला कपाटातली जुनी चेकबुके आठवली. पूर्वीच्या चेकबुकात चेकच्या डाव्या बाजूला टोचलेल्या छिद्रांच्या रेघेपलीकडे एक अरुंद पट्टी असे आणि तिच्यावर तारीख, नाव, रक्कम आणि शिल्लक लिहायची जागा असे. मी आयुष्यभर तिला क्षुल्लक समजलो. खरा चेक तीच होती.

या शब्दाचे मराठीतील आणखी उपयोग आणि माझ्या लिहिण्यातील चुका सभासदांनी अवश्य दाखवाव्यात.

प्रतिसाद: पटावरचा उंट

अतिशय आवडलेला धागा. मी बुद्धिबळ शिकवतो, म्हणून खेळाच्या बाजूने दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट पटाविषयी. चतुरंग ज्या पटावर खेळत तो अष्टापद, म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात अष्टापद आणि चतुरंग यांचा एकत्र उल्लेख येतो. परंतु हा पट एकरंगी होता. नुसत्या रेघा, आणि काही घरांवर फुल्या. इराणात आणि अरबांकडेही तो तसाच राहिला. एकाआड एक काळी-पांढरी घरे ही युरोपीयांची भर आहे. स्वित्झर्लंडमधील आइन्झीडेल्न येथील मठात इसवी सनाच्या ९९० च्या दशकातील एक लॅटिन कविता आहे, ती युरोपातील या खेळाच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक मानली जाते आणि तिच्यात दुरंगी पटाचा उल्लेख आहे. खेळ आणि शब्द पूर्वेकडून गेले, पण ज्या दुरंगी नक्षीला आज ‘चेक्स’ म्हणतात ती तेथे जन्मली. मराठीत ‘शह’ला कापडाचा अर्थ कधी चिकटला नाही, याचे एक कारण मला यात दिसते: आपल्या पटावर डोळ्यांत भरावी अशी नक्षीच नव्हती.

दुसरी गोष्ट ‘मात’विषयी. इंग्रजी ‘चेकमेट’मधील ‘मेट’चा मित्राशी काही संबंध नाही, तो ‘शाह मात’ आहे. ‘मात’ म्हणजे अरबीत ‘मेला’, म्हणून ‘राजा मेला’ असा अर्थ सर्वत्र सांगितला जातो. परंतु बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही, तो फक्त कोंडला जातो, आणि फारसीत ‘मात’चा अर्थ हतबल, दिङ्मूढ असाही आहे. मला हाच अर्थ पटतो, कारण तो खेळाच्या नियमाशी जुळतो. आपण ‘संकटावर मात केली’ म्हणतो, तेव्हा संकटाला निरुपाय केलेले असते, ठार केलेलेच असते असे नाही.

आपल्याकडे सोंगटीला ‘राजा’ हे देशी नाव राहिले आणि हाक मात्र फारसी ‘शह’ राहिली, हेही पाहण्यासारखे आहे. आता स्पर्धेच्या नियमांत शह तोंडाने सांगण्याचे बंधन नाही, त्यामुळे माझे विद्यार्थी मुकाट्याने चाल करतात. गावाकडे पारावर खेळणारे लोक मात्र अजूनही ‘शह’ असे खणखणीत म्हणतात, आणि ती हाक ऐकू आली की आजूबाजूचे चार जण पटाकडे वळतात.

प्रतिसाद: दुबईकर

एक शंका आहे. आमच्याकडे असे नेहमी सांगितले जाते की बँकेतला चेक हा अरबी ‘सक्क’ या शब्दापासून आला. सक्क म्हणजे पैसे देण्याविषयीचा लेखी दस्तऐवज. दहाव्या शतकातील प्रवासी इब्न हौकल याने आजच्या मॉरिटानियातील औदाघुस्त येथे ४२,००० दिनारांचा एक सक्क पाहिल्याचे लिहिले आहे. वस्तू तीच, उच्चार जवळचा, मग व्युत्पत्ती वेगळी कशी?

प्रतिसाद: स्थळप्रत (धागाकर्ता)

शंका योग्य आहे, आणि अरब व्यापाऱ्यांकडे चेकसारखी व्यवस्था इंग्रजांच्या कितीतरी आधी होती याबद्दल वाद नाही. परंतु वस्तू आधी कोणाकडे होती हा एक प्रश्न आणि शब्द कोठून आला हा दुसरा. ‘सक्क’ हा इंग्रजी शब्दाचा जनक असता, तर इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ ‘पैसे देण्याचा आदेश’ असा दिसायला हवा होता. प्रत्यक्षात पहिला अर्थ ‘ताडून पाहण्याची स्थळप्रत’ असा दिसतो. उलट, लंडनमध्ये १६५९ चा, ४०० पौंडांचा एक हस्तलिखित आदेश जपलेला आहे, त्याला आज आपण सर्वांत जुन्या इंग्रजी चेकपैकी एक म्हणतो; पण त्या काळी अशा कागदाला ‘चेक’ हे नाव पडलेले नव्हते. वस्तू आधी होती आणि नाव नंतर, वेगळ्या बाजूने आले.

स्पेलिंगचाही पुरावा आहे. इंग्रजीत हा शब्द आधी साध्या ‘चेक’सारखाच लिहीत. शेवटी ‘क्यू’ असलेले रूप रुळवण्यात जेम्स विल्यम गिल्बार्ट या बँकरचा मोठा हात होता. १८२० च्या दशकात बँकिंगवरील आपल्या पुस्तकात त्यांनी हे रूप स्वीकारले आणि कारण दिले की त्यामुळे इतर ‘चेक’शी घोटाळा होत नाही आणि ते ‘एक्स्चेकर’शी मिळतेजुळते दिसते. अमेरिकेने हा बदल स्वीकारला नाही, म्हणून तेथे आजही दोन्हींचे स्पेलिंग एकच आहे.

आपण दुबईत आहात, तर एक गोष्ट तेथेच सापडेल. आजच्या अरबीत बँकेतल्या चेकला व्यवहारात ‘शीक’ म्हणतात, आणि तो युरोपीय भाषांतून परत घेतलेला शब्द आहे. अरबांनी ‘शाह’ युरोपाला दिला आणि हजार वर्षांनी त्यांना तो बँकेच्या कागदाच्या रूपात परत मिळाला.

प्रतिसाद: काजबटण

मी शिवणकाम करते, म्हणून कापडाच्या चेक्सबद्दल लिहिते. आमच्या आईच्या पिढीत ‘चौकड्यांचे कापड’ म्हणत. आता गिऱ्हाईक ‘चेक्सचा शर्ट’ असेच म्हणते, आणि त्या ‘चेक्स’ला मराठी प्रत्यय लावताना इंग्रजी अनेकवचन काढून टाकायचे कोणाच्या मनातही येत नाही.

धाग्यातली एक गोष्ट वाचून मला फार बरे वाटले. चेक्सचे कापड बेतणे म्हणजे सतत ताडून पाहणे असते. पुढच्या पट्टीवर डाव्या-उजव्या भागांच्या आडव्या रेघा एका पातळीत आल्या पाहिजेत, खिसा अंगावरच्या चौकटींत असा बसला पाहिजे की तो दुरून दिसूच नये, आणि दोन्ही बाह्या एकाच रेघेवरून कापल्या पाहिजेत. यासाठी साध्या कापडापेक्षा थोडे जास्त कापड घ्यावे लागते, आणि कात्री लावण्याआधी प्रत्येक रेघ टाचणीने जुळवून घ्यावी लागते. एक रेघ चुकली की सगळा शर्ट चुकलेला दिसतो. त्या खजिन्याच्या टेबलावरही रकाना चुकला की शिलिंगाचा पौंड झाला असता, असे मनात आले.

प्रतिसाद: पाऊलखूण

‘शाह’ शब्दाच्या मागे आणखी एक पायरी आहे आणि ती आपल्याला फार जवळची आहे. दारियस पहिला याने इराणमधील बेहिस्तून येथील कड्यावर जो लेख कोरला, त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय’ म्हणवतो. याच शब्दाची झीज होऊन पुढे ‘शाह’ झाला. त्यातील धातू आणि संस्कृतातील ‘क्षि’, म्हणजे सत्ता असणे, हा धातू एकच मानला जातो. ऋग्वेदात ‘क्षयति’ हे रूप ‘राज्य करतो’ या अर्थाने येते. आपला ‘क्षत्र’ शब्दही तेथलाच. ‘क्षतापासून त्राण करतो तो’ ही आपल्याकडची व्युत्पत्ती अर्थाने सुंदर आहे, पण भाषाशास्त्र ती मान्य करत नाही.

दुसरा दुवा नाशिकला आहे. प्राचीन इराणात प्रांताच्या अधिकाऱ्याला ‘राज्याचा राखणदार’ या अर्थाचे जे पद होते, ते आपल्याकडे ‘क्षत्रप’ या रूपात आले. पांडवलेण्यांत क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे दानलेख आजही पाहता येतात. तेव्हा बँकेतला चेक, पटावरचा शह, क्षत्रिय आणि क्षत्रप हे सर्व एका धातूची लेकरे ठरतात. ‘शह’ हा परका आणि ‘क्षत्र’ हा आपला, असा भेद करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद: न्यू जर्सीकर

अमेरिकेत या शब्दाचे आणखी दोन अर्थ रोज कानावर पडतात. हॉटेलात जेवण झाल्यावर येथे बिलाऐवजी ‘चेक’ मागतात, आणि कोट किंवा सामान ठेवून घेतल्याची जी चकती मिळते तिलाही ‘चेक’ म्हणतात. दोन्हींच्या मुळाशी खूण पटवण्याचा अर्थ आहे. बेसबॉलचा सामना पावसाने बंद पडला तर पुढच्या सामन्याला चालेल अशी चिठ्ठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देऊ लागले, तिला ‘रेन चेक’ म्हणत. आता एखाद्याचे आमंत्रण पुढे ढकलायचे असले तरी लोक तोच शब्द वापरतात. आपण ज्याला ‘टिक करणे’ म्हणतो त्या खुणेचे येथील नावही ‘चेक मार्क’ आहे.

चेक प्रजासत्ताकाशी मात्र या शब्दाचा काही संबंध नाही. ते तेथील लोकांचे स्वतःचे नाव आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

प्रतिसाद: ओवी

मग मराठीत ‘धनादेश’ हा शब्द असताना आपण ‘चेक’ का वापरावा? आणि ती अर्धी पट्टी ताडून पाहण्याची पद्धत नेमकी कोठून आली?

प्रतिसाद: स्थळप्रत (धागाकर्ता)

‘धनादेश’ मला आवडतो आणि कायद्याच्या दृष्टीने तो अगदी नेमका आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या सहाव्या कलमात चेकची जी व्याख्या आहे, तिचा गाभा ‘बँकेला दिलेला, मागताच पैसे देण्याचा आदेश’ असाच आहे. इंग्रजी शब्द त्या कागदावरचा पहारा सांगतो आणि मराठी शब्द त्याचे काम सांगतो. तरीही टेबलापलीकडच्या माणसाला मी कधी ‘तुमचा धनादेश’ म्हणालो नाही, कारण तोही ‘माझा चेक वटला का’ असेच विचारत असे. त्या वाक्यातील ‘वटणे’ हे क्रियापद अस्सल आपले आहे. लेखी ‘धनादेश’ आणि बोलण्यात ‘चेक’ हा सोयीचा तोडगा लोकांनीच काढला आहे आणि तो मोडावा असे मला वाटत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा त्या एक्स्चेकरमध्येच आहे. कागद दुर्मीळ होता तेव्हा तेथे पैसे भरल्याची पावती लाकडी पट्टीवर देत. ती बहुधा हेझल झाडाच्या लाकडाची असे. तिच्यावर रकमेनुसार खाचा पाडत. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, आणि पेनीसाठी केवळ एक चीर. मग पट्टी उभी चिरून दोन भाग करत. एक भाग भरणाऱ्याला देत, दुसरा खजिन्यात ठेवत. हिशेबाच्या वेळी दोन्ही भाग एकमेकांना लावले की खाचा आणि लाकडाचे रेषे बरोबर जुळले पाहिजेत. कोणी एका भागावर नंतर खाच वाढवली, तर दुसऱ्या भागावर ती नसे आणि लबाडी जागच्या जागी उघडी पडे. चेकबुकातली स्थळप्रत ही याच पट्टीची कागदी वारस आहे.

ही लाकडे १८२६ पर्यंत वापरात होती. त्यानंतर साठलेल्या पट्ट्यांचे काय करायचे हा प्रश्न आला, आणि १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनच्या संसद भवनात, लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत त्या दोन गाडे भरून जाळल्या गेल्या. भट्ट्या बेसुमार तापल्या, संध्याकाळी आग वर पोहोचली आणि संसदेच्या जुन्या इमारतींचा मोठा भाग रात्रीत भस्मसात झाला. जळाऊ लाकूड म्हणून त्या आसपासच्या गरिबांना वाटता आल्या असत्या, पण तसे कोणी केले नाही. आता त्यांतल्या थोड्याच पट्ट्या संग्रहालयांत उरल्या आहेत. त्यांची छायाचित्रे मी मोठी करून पाहिली; खाचांच्या शेजारी भरणाऱ्याचे नाव शाईने लिहिलेले अजून वाचता येते, माझ्या जुन्या चेकबुकातल्या डाव्या पट्टीवर ते जेथे लिहीत असू, जवळजवळ तेथेच.